लायनर नवीन होते

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवी त्या दाजींना तर नाहीच. सहा वर्षांपूर्वी माझ्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड संपले होते. मला ते माहीत होतं. गाडी ओरडून सांगत होती, आणि मी पक्कड घेऊन तिचं ओरडणं बंद केलं. मग तीच गाडी दाजींच्या हातात दिली.

हे आज लिहायला बसलोय ते गेल्या रविवारमुळे. त्याच्या दोन दिवस आधीपासून गाडी पुन्हा चिरचिरत होती. गाडी तीच. कॉलनीत वळताना हलका ब्रेक लावला की पुढच्या डाव्या चाकातून पाटीवर खिळा ओढल्यासारखा आवाज यायचा, जोरात दाबला की गप्प. चाकाच्या फटीतून बॅटरी मारून पाहिलं. पॅडचा मसाला काडेपेटीच्या काडीएवढा उरला होता. तेवढा उरला की बदलायचा, पुढे एक दिवसही थांबायचं नाही, हे मी आता पाळतो. ब्रेकच्या कामाला गाडी गॅरेजला देत नाही. बायकोला वाटतं, मला हौस आहे. हौस कसली डोंबलाची. चाक काढून ब्रेक बघणाऱ्या माणसाच्या शेजारी मला उभंच राहवत नाही.

तर सकाळी नऊला सुरुवात केली आणि पहिल्या नटापासून डोकं फिरायला लागलं. चाकाचे चार नट, त्यातला एक असा बसलेला की पान्यावर उभा राहिलो तरी हलेना. तो सुटला तर जॅक फरशीवरून सरकला. जॅकखाली फळी घातली, मागच्या चाकाला दगड लावला, चाक उतरवलं, पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला, आणि नवीन पॅड लावायला घेतले तर ते बसेनात. कान एका बाजूला मोठे. दुकानदाराने दुसऱ्याच मॉडेलचे दिले होते. स्कूटर काढून परत दुकानात गेलो. तो काउंटरवरून म्हणतो, "काका, गाडीचं वर्ष चुकीचं सांगितलं असेल तुम्ही." मी चिठ्ठी लिहून दिली होती. ती चिठ्ठी त्याच्याच काचेखाली होती. दाखवली तर म्हणतो, "मग तसं सांगायचं ना."

परत आलो तर फाटकात दाजी उभे. हातात कापडी पिशवी, डोक्यावर टोपी, पायावर स्टँडपासूनची धूळ.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राजूरच्या पलीकडे त्यांची वाडी आहे. सोमवारी इथे नगरला डोळे दाखवायचे होते म्हणून आदल्या दिवशीच एसटीने आले होते. मी म्हटलं, "दाजी, रिक्षा नाही का केली?"

"कशाला, पाव्हणं? पाय हायेत की."

ओट्यावरून आईचा आवाज आला, "चालत आले तेच बरं झालं. चालताना कुणाचं हाड मोडत न्हाई."

दाजी हसले. ते नेहमी हसतात. मला मात्र त्या वाक्यावर हातातला पाना भिंतीवर फेकावासा वाटला. आईचा राग आला असं नाही. हे वाक्य ती सहा वर्षं चुकीच्या माणसाला ऐकवतेय, आणि ते थांबवणं फक्त माझ्या हातात आहे.

दाजींनी बावीस वर्षं टेम्पो चालवला. टोमॅटोचे कॅरेट घेऊन संगमनेर, नाशिक, नगर. बावीस वर्षांत त्यांच्या टेम्पोला दुसऱ्या गाडीचा रंग लागला नाही. घाटात समोरून कोण येतंय ते वळणाआधी आवाजावरून सांगायचे. आमच्याकडे लग्न निघालं की नवरीची गाडी दाजींकडे, हे ठरलेलं. बाकी कुणी स्टेअरिंगला हात लावला तर बायका म्हणायच्या, "आधी दाजींना विचारा." त्या काळी दाजींच्या चालण्यात एक ऐट होती. किल्ली बोटात फिरवत चालायचे.

आता ते गाडी चालवत नाहीत. टेम्पो दुसऱ्याला देऊन टाकला. लग्नात पोरंटोरं ओरडतात, "दाजी, आमच्या गाडीत नका बसू, ब्रेक घाबरतात!" आणि दाजी पण त्यांच्यात हसतात. बहीण मला एकदा फोनवर म्हणाली होती, "अरे, चुलीपुढं बसले तरी यांचा उजवा पाय दाबला जातो. एसटीत तर बघवत न्हाई." मी म्हटलं, "सवय असते गं ती." आणि विषय बदलला.

घडलं ते असं. मी नगरजवळच्या नागापूरला एका कारखान्यात तपासणीला आहे. यंत्रावरून उतरलेला माल गेज लावून बघायचा, केसभर कमी असला तरी लाल रंगाचा ठिपका देऊन बाजूला टाकायचा, हे माझं काम. त्या वर्षी सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा मिस्त्री म्हणाला, "मागचे लायनर नवीन टाकलेत साहेब. पुढचे पॅड थोडे राहिलेत, ते लवकर बदला." आमच्या छोट्या गाडीला मागे ड्रम असतो, त्यात लायनर. पुढे डिस्क असते, तिला पॅड. गाडी खरी थांबते ती पुढच्या पॅडवर. हे मला तेव्हाही माहीत होतं.

महिन्याभरात पुढून चिरचिर सुरू झाली. पॅडच्या पत्र्याला एक छोटी पत्ती असते. मसाला झिजत आला की ती पत्ती फिरत्या डिस्कला घासायला लागते आणि ओरडते. तिचं कामच ते, मालकाला सांगायचं. मी चाक काढून बघितलं. दुकानात गेलो तर पॅड शिल्लक नव्हते, चार दिवसांनी येतील म्हणाले. इकडे कॉलनीत थट्टा सुरू झाली होती. शेजारचे म्हणायचे, "तुम्ही आलात हे चौकातूनच कळतं." बायको म्हणायची, "शाळेपुढे ब्रेक लावू नका हो, सगळ्या बघतात." मला त्या आवाजाचा वैताग आला. चार दिवसांचाच प्रश्न आहे म्हणून मी पक्कडीने दोन्ही चाकांतल्या पत्त्या मागे वाकवल्या. गाडी गप्प झाली.

आणि गाडी गप्प झाल्यावर मी विसरलो. चार दिवसांचा दीड महिना झाला. कारखान्यात मी केसभर कमी असलेला तुकडा बाजूला टाकत होतो आणि घरी येताना त्याच गाडीत बसून येत होतो.

मग बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. आईला घेऊन मी जाणार होतो. ऐन वेळी कारखान्यात ऑडिट लागलं, रजा मिळेना. दाजी म्हणाले, "मी येतो न्यायला. तुमची गाडी द्या, आणून सोडतो परत." ते एसटीने आले. चहा घेतला, किल्ली घेतली, गाडीला एक फेरी मारली. चारही टायरांना पायाने टिचक्या दिल्या. बॉनेट उघडून पाणी, ऑइल बघितलं. मग मला विचारलं, "पाव्हणं, लायनर बघितलं का? घाट हाय."

आमच्याकडे सगळ्या ब्रेकला लायनरच म्हणतात. टेम्पोवाल्याला तर दुसरा शब्दच नाही, त्यांच्या जुन्या टेम्पोला चारही चाकांना ड्रमच होते. दाजी मला विचारत होते की ब्रेक ठीक आहेत ना.

मला त्या क्षणी पॅड आठवले. हे मी स्वतःपाशीसुद्धा फार वर्षं कबूल केलं नव्हतं. आठवले. काडीपेक्षा बारीक झालेला मसाला आणि पक्कडीने वाकवलेली पत्ती, दोन्ही डोळ्यांपुढे आलं. पण आई नवी साडी नेसून पुढच्या सीटवर बसली होती. मांडीवर आहेराची पिशवी होती. आता ब्रेकचं काढलं तर सगळं उतरवा, दुसरी गाडी बघा, आईची बोलणी खा, आणि दाजी म्हणणार, कळत असून बदलले नाहीत? मी म्हटलं, "लायनर नवीन आहेत, दाजी. दोनच महिने झालेत."

शब्दाला शब्द धरला तर ते खोटं नव्हतं.

"मग काय टेन्शन न्हाई," म्हणून दाजी निघाले.

जाताना चढ असल्यामुळे काही झालं नाही. वास्तुशांत झाली. दोन दिवसांनी दाजी आईला सोडायला निघाले. राजूर सोडून अकोले गावाकडे घाट उतरताना पुढून खर्रखर्र आवाज सुरू झाला. लोखंडावर लोखंड. दाजींनी गियर खाली घेतला, हँडब्रेक ओढला, पण वळणावर एक भाताने भरलेली ट्रॉली पुढे होती आणि गाडी थांबेना. उजवीकडे दरी. त्यांनी गाडी डावीकडे डोंगराच्या कुशीत, रस्त्याकडेच्या चारीत घातली. दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी असती तर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही. आईने पुढे हात टेकला आणि तिचं उजवं मनगट मोडलं. दाजींना खरचटलंही नाही, आणि तेच त्यांना महागात पडलं.

मी अकोल्याला पोचलो तेव्हा दाजी आईजवळ दवाखान्यात होते. गाडी एका गॅरेजला ओढून आणली होती, तिथे मी एकटाच गेलो. तिथला मिस्त्री म्हातारा होता. त्याने पॅड काढून माझ्या हातात दिला. मसाला नव्हताच, नुसता पत्रा होता, घासून निळा पडलेला. त्याने बोट लावून पत्ती दाखवली. म्हणाला, "ही आपोआप वाकत न्हाई, साहेब. कुनीतरी वाकवलीया." त्याने माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. पॅड मी फडक्यात गुंडाळून घेतला. का घेतला ते तेव्हा कळलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणूनच असणार.

दवाखान्यात आई कण्हत होती. "बोलत होते," ती म्हणाली. "सारखे त्या घराच्या लादीबद्दल बोलत होते. ध्यान न्हाई गाडीवर."

दाजी भिंतीला टेकून उभे होते. मला म्हणाले, "पाव्हणं, ब्रेक लागला न्हाई हो. दाबला मी. आईच्यान दाबला."

तेव्हा मला दुसऱ्यांदा संधी होती. फडकं माझ्या पिशवीत होतं. मी म्हटलं, "लायनर नवीन होते, दाजी."

त्यांनी खाली बघितलं. आपल्या उजव्या पायाकडे बघितलं. म्हणाले, "मग माझाच पाय चुकला आसंल."

आईचं मनगट बसलं, पण वाकडं बसलं. तिला भाकरी थापता येत नाही. "जावईबापूंनी माझी भाकरी बंद केली," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. दाजी दर वेळी आले की तिच्यासाठी तांदळाची, नाचणीची पिशवी आणतात, तिच्या पायाशी ठेवतात, आणि ते वाक्य ऐकून घेतात.

गेल्या रविवारीही पिशवी ठेवली आणि टोपी काढून माझ्याजवळ आले. उपड्या बादलीवर बसले. काढलेले नट ओंजळीत धरले, मातीत जाऊ नयेत म्हणून. "करा तुमी. मी धरतो," म्हणाले.

पण माझं काही होईना. कॅलिपरमधला पॅड दाबणारा दट्ट्या आत जात नव्हता. शिकंजा लावून दाबला, पुन्हा दाबला, शेवटी शिवी घालून दाबला, तर वर बॉनेटखालच्या डबीतून ब्रेक ऑइल उतू गेलं. झाकण उघडून थोडं ऑइल काढून ठेवायला हवं होतं, ते राहिलंच. फडकं शोधायला दाजींनी माझ्या हत्यारांच्या पेटीत हात घातला. तळाशी एक फडकं होतं, गाठ मारलेलं. त्यांनी ते उचललं. जड लागलं तसे माझ्याकडे बघायला लागले.

"ते राहू द्या!" मी जवळजवळ ओरडलो.

दाजींनी ते जिथलं तिथे ठेवलं. "राहू द्यायचं तर राहू द्यायचं. वरडताय कशाला?" म्हणाले, आणि खिशातला स्वतःचा रुमाल काढून ऑइल पुसलं. ऑइलने रंग जातो म्हणून वर पाणीही मारलं.

मग नवीन पॅड हातात घेऊन ते उलटंसुलटं करत बसले. पत्तीवर बोट ठेवून म्हणाले, "ही कशाला हो?"

मी सांगितलं. खाली मान घालून, बोल्ट फिरवत सांगितलं. "मसाला संपत आला की ती घासते. ओरडते. म्हणजे आपल्याला कळतं."

"म्हंजी ब्रेक जायच्या आदी वरडती?"

"हो. महिना महिना आधी."

दाजी पत्ती नखाने टिचकावत होते. मग म्हणाले, "त्या टायमाला न्हाई वरडली. जाताना यिताना, एकदा बी न्हाई. मी काच खाली घेऊन चालवतो, माझ्या कानाला लागलं आसतं."

तिसऱ्यांदा. माझ्यासमोर बसलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सगळं मांडून दिलं होतं. पुढचं एक वाक्य फक्त माझं होतं. पेटी हाताच्या अंतरावर होती. मी बोल्ट आवळला. इतका आवळला की पाना घसरला आणि बोटांची सालटं निघाली.

"अहो, जरा सबुरीनं," दाजी म्हणाले. "बोल्टावर काय राग काढताय."

चाक बसवलं. दुसऱ्या बाजूचंही तसंच केलं, ते जरा लवकर झालं. आता एकच राहिलं होतं. नवीन पॅड घातले की पेडल पहिल्यांदा रिकामं जातं, पोकळ. आत बसून ते दहा-वीस वेळा दाबावं लागतं, घट्ट होईपर्यंत. बाहेर कॅलिपरकडे बघायला एक माणूस लागतो. मी दाजींना म्हटलं, "तुम्ही बसा आत. पेडल मारा."

ते उठले नाहीत. "मी? नको. वहिनींना बोलवा."

"तिला नाही कळत. बसा हो, गाडी चालू पण नाही."

आई ओट्यावरून म्हणाली, "अरे, त्यांना नको बसवू! अजून काय मोडायचं राहिलंय?"

या वेळी दाजी हसले नाहीत. उठले, चपला काढल्या, अनवाणी पायाने गाडीत बसले. सीट मागे सरकवली. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, त्या जुन्या टेम्पोवर ठेवायचे तसे. उजवा पाय पेडलवर टेकवला आणि दाबला.

"खाली गेला," ते एकदम म्हणाले. आवाज बदलला होता. "पाव्हणं, खाली गेला. लागत न्हाई."

"जाणारच, दाजी. नवीन आहेत. मारत राहा."

मारत राहिले. मी चाकापाशी उकिडवा बसलो होतो. आतून त्यांचा श्वास ऐकू येत होता. दहाव्या-बाराव्या वेळेला म्हणाले, "आता जरा लागतोय." मग, "घट झाला. झाला घट." आणि पाय तसाच दाबून धरून बसून राहिले. मी म्हटलं, सोडा आता. ते म्हणाले, "थांबा थोडं."

मी खिडकीतून आत बघितलं. दाजी पायाकडे बघत होते. तोच पाय, दवाखान्यात बघितला होता तो. म्हणाले, "दाबतोय की नीट. मग त्या दिशी काय झालं आसंल?"

मी म्हटलं, "चहा घेऊ चला."

दुसऱ्या दिवशी डोळे दाखवून झाले. मी त्यांना स्टँडवर सोडलं, याच गाडीतून. सिग्नलला मी ब्रेक लावला तेव्हा शेजारी त्यांचा पाय दाबला गेला. एसटीत चढताना म्हणाले, "गाडी आता चांगली थांबती. काळजी घ्या." फलाटावर मी एकटा उभा होतो आणि स्वतःचा इतका संताप आला की तिथल्या तिथे बस थांबवून वर चढावंसं वाटलं. चढलो नाही. बस सुटली.

फडक्याची गाठ मी परवा सोडली. पत्ती अजून वाकलेलीच आहे, पक्कडीच्या दातांच्या खुणा स्पष्ट दिसतात. हे सगळं लिहून झालं म्हणजे सांगून झालं असं नाही, हे मला कळतं. तो पॅड दाजींच्या हातात द्यायचा आहे. आणि आईच्या समोर, बहिणीच्या समोर, त्यांना सांगायचं आहे की दाजी, लायनर नवीन होते, पॅड संपले होते, पत्ती मी वाकवली होती, तुम्ही विचारलंत तेव्हा मला ते आठवत होतं, आणि तुमचा पाय चुकला नव्हता. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.